एक खुर्ची, दोन न्हावी

सोमवार, ४ मार्च

आज हे परत आले.

दुकान भरलेलं होतं. दाराची घंटी वाजली तेव्हा मी मान वर न करता म्हटलं, "बसा, तुमच्या आधी तिघे आहेत." हे बसले. बाकाच्या टोकाला, टोपी मांडीवर आणि दोन्ही हात टोपीखाली. पोस्टमास्तर झाले, खाटीकभाऊ झाले, मग कोपऱ्यावरचे दातांचे डॉक्टर झाले, आणि हे आपले गप्प बसून. स्वतःच्या दुकानात, स्वतःच्या बायकोसमोर, नंबर लावून!

मला दोष द्यायचा तर द्या, पण छातीपर्यंत दाढी, कोट दुसऱ्याच कुणाच्या मापाचा, गालफडं आत गेलेली. लढाई संपल्यापासून अशी माणसं रोज येतात. सुरुवातीला मी प्रत्येकाच्या तोंडाकडे निरखून बघत असे. त्यात तोफखान्यातल्या एका बिचाऱ्याचा गैरसमज झाला आणि तो फुलं घेऊन आला. तेव्हापासून मी बघणं सोडलं.

यांची पाळी आली. मी गळ्याभोवती कापड बांधलं आणि सगळ्यांना विचारते तसंच विचारलं, "दाढी काढायची, की नुसती नीट करायची?"

"तुम्हाला बरं दिसेल तसं करा." आवाज बसलेला, अनोळखी. तरी मला कळलं नाही. मी त्यांचं डोकं पुढे वाकवलं आणि तिथे ते दोन भोवरे होते. एक उजवीकडे वळणारा, एक डावीकडे, शेजारी शेजारी, एकमेकांवर रुसल्यासारखे. ही जोडी जगात दुसऱ्या कुठल्या डोक्यावर नाही. या गावातली सगळी डोकी माझ्या हाताखालून गेली आहेत, त्यामुळे मी हे अधिकाराने सांगू शकते.

कात्री खाली पडली. मी म्हटलं, "अहो!"

हे आरशातून म्हणाले, "घाई नाही. आणखी कोणी असेल तर आधी त्यांचं होऊ दे."

सगळ्यांत जास्त खाटीकभाऊ रडले, माझ्या धुतलेल्या टॉवेलात. ओरडा ऐकून सासूबाई जिना उतरून आल्या, कठड्याला न धरता, गुडघे विसरून. लेकाला बघितलं आणि पहिलं वाक्य काय, तर, "न्हाव्याच्या घरात ही एवढी दाढी! लाज नाही वाटत?" एक थोबाडीत दिली आणि मग त्याचे दोन्ही हात धरून तिथेच बसल्या.

आमच्या कॉन्व्हेंट शाळेत मदर म्हणायच्या, दुःखाच्या दिवशी डायरी सगळेच लिहितात, मुलींनो, सुखाच्या दिवशी लिहाल तर खऱ्या. म्हणून दुपारच्या सुट्टीत वर येऊन लिहिते आहे. हे झोपले आहेत. केस कापायचे राहिले ते राहिलेच. गळ्यातलं कापडही सोडायचं राहिलं आहे आणि आता उठवायचा धीर होत नाही.

मंगळवार, ५ मार्च

हे फार सभ्य झाले आहेत.

सकाळी मी चहा दिला तर "आभारी आहे" म्हणाले. मी इकडेतिकडे बघितलं, कुणाचे आभार मानताहेत म्हणून. पूर्वी म्हणायचे, "अगं, हा चहा आहे की पायाचा शेक?" आणि सगळा पिऊन वर दुसरा मागायचे. आता म्हणतात, "अर्धाच कप दे." अर्धा कप घेऊन खिडकीपाशी गेले आणि माझ्याकडे पाठ करून प्यायले.

पांघरुणाची घडी अशी, की पट्टीने आखावी. आमच्या शाळेतल्या सिस्टरना आनंद झाला असता. मला नाही झाला.

शुक्रवार, ८ मार्च

आज हे दुकानात येऊन बसले. खुर्चीत नाही, बाकावरच. मी काम करत होते आणि हे बघत होते. माझ्या हाताला घाम सुटला.

पहिल्यांदा वस्तरा धरला तो दिवस आठवला. यांना पलटणीचा न्हावी म्हणून नेलं, दुकानाला कुलूप लागलं. सासूबाई म्हणाल्या, "आता खायचं काय? तुझं भरतकाम?" त्यांच्या बोलण्यात तेच ठेवणीतलं शस्त्र आहे. पण खरंच, सिस्टरनी मला दुसरं शिकवलं काय होतं? प्रार्थना आणि लेस. मग खाटीकभाऊ स्वतः येऊन खुर्चीत बसले. म्हणाले, "वहिनी, माझ्यापासून सुरू करा. रक्ताची मला सवय आहे."

रक्त फार निघालं नाही. लेस विणणाऱ्या हाताला वस्तरा जड नाही. भीती वाटू नये म्हणून मी मनातल्या मनात प्रार्थना म्हणत असे. ती हळूहळू ओठांवर आली, आणि आता गिऱ्हाइकांनाच सवय झाली आहे. वस्तरा गालावर टेकला की ते डोळे मिटतात, खुर्चीचे हात घट्ट धरतात, आणि संपलं की अगदी मनापासून "आमेन" म्हणतात. पोस्टमास्तरांच्या डोळ्यांत तर दर वेळी पाणी येतं. बाहेरून रुक्ष दिसतात, पण आत केवढा भक्तिभाव आहे!

हे मी यांना दुपारी कौतुकाने सांगितलं. यांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "छान सांभाळलंस दुकान." आणि उठून गेले. काहीतरी म्हणायचं होतं आणि गिळलं, असं वाटलं मला.

मंगळवार, १२ मार्च

दाढी अजून आहे.

स्वतः करत नाहीत आणि मला करू देत नाहीत. मी दोनदा विचारलं. पहिल्यांदा म्हणाले, "थंडी आहे." दुसऱ्यांदा म्हणाले, "बघू." थंडी कुठली? लोक स्वेटर काढून फिरताहेत.

खाटीकभाऊंना विषय मिळाला आहे. "वहिनी, गावाची हजामत करता आणि घरात जंगल वाढवता? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

हे हसले. "जंगलात राहायची सवय झाली आहे, भाऊ."

"अहो पण आमची बायको विचारते, न्हावीणबाईंच्या हातावर नवऱ्याचाच भरवसा नाही, मग तुम्ही कसे जाता?"

ते ऐकून हे एकदम गंभीर झाले. म्हणाले, "तिच्या हाताबद्दल कुणी बोलायचं नाही." आणि खाली मान घालून बसले. मला आधी बरं वाटलं. नंतर वाटलं, एवढं जर आहे तर दाढी का करून घेत नाहीत?

शुक्रवार, १५ मार्च

मनात एक पाल चुकचुकते आहे. लिहून टाकते, म्हणजे सुटका होईल.

काल जेवताना हे म्हणाले, "दवाखान्यातल्या नर्सबाई फार चांगल्या होत्या. सूप भरवायच्या." भरवायच्या! मी विचारलं, "आजार काय होता?" म्हणाले, "असंच, थकवा." धडधाकट माणूस, हातपाय शाबूत, आणि थकव्याला नर्सबाई सूप भरवते?

तेव्हापासून माझं लक्ष आहे. हे वर्तमानपत्र हातात धरत नाहीत, टेबलावर पसरून वाचतात. दवाखान्यातली पद्धत असेल. घरात असतानाही हात खिशात. कुठल्या तरी साहेबी माणसांत राहून आलेले दिसतात. आणि सासूबाईंनी तर कहर केला आहे. पन्नाशी उलटलेल्या लेकाच्या शर्टाची बटणं लावून देतात! मी म्हटलं, "सासूबाई, मी लावते ना." तर म्हणाल्या, "तू गावाच्या दाढ्या कर. हा मला इतक्या वर्षांनी मिळाला आहे." जेवणाची ताटंही त्यांनी बदलली आहेत. आता सगळं मोठ्या कानाच्या मगात. मी विचारलं तर म्हणतात, "मला बरं पडतं." म्हातारपणी माणसाच्या डोक्यात काय येईल सांगता येत नाही.

आणि अजून एक. आल्यापासून यांनी माझा हात हातात घेतलेला नाही.

रविवार, १७ मार्च

दुपारी दोघं बागेत गेलो. मी निळा झगा घातला होता, लग्नाआधीचा. म्हणजे लग्नाआधीच्या कापडाचा, मधे बरंच नवं कापड घालावं लागलं आहे.

तळ्यापाशी बसलो. मी शाळेची आठवण काढली. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी हे आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मुलींचे केस कापायला येत. तेव्हा विशीतले होते, आणि शेजारी एक सिस्टर डोळ्यांत तेल घालून उभी. सगळ्या मुलींचे केस कानाच्या पाळीपर्यंत, एकसारखे, असा नियम होता. माझे नेमके दोन बोटं लांब राहायचे. मदरनी मला बोलावून विचारलं, "तुझेच केस इतके भराभर कसे वाढतात?" मी म्हटलं, "देवाची कृपा, मदर." त्या म्हणाल्या, "कृपा कात्री घेऊन येते, असं ऐकलं नव्हतं कधी."

हे पोटभर हसले. आल्यापासून पहिल्यांदा. मी धीर करून माझा हात बाकावर ठेवला, आमच्या दोघांच्या मधे, तळवा वर करून. माझ्या वयाच्या बाईने याहून जास्त काय करायचं?

हे स्वतःच्या दोन्ही हातांवर बसले होते. तसेच बसून राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "तळ्यात बदकं कमी झाली आहेत."

मी हात मागे घेतला आणि बदकांना पाव टाकला.

गुरुवार, २१ मार्च

हे जाणार आहेत.

पलटणीतला यांचा एक दोस्त पुढच्या स्टेशनापलीकडे लाकडाच्या वखारीत मुकादम आहे. त्याने पहारेकऱ्याची जागा ठेवली आहे. एक एप्रिलला दुपारच्या गाडीने जायचं. राहायला खोली देतात. हे सगळं मला आज सकाळी, मी भाजी चिरत असताना सांगितलं, अतिशय सभ्यपणे.

मी विचारलं, "आणि दुकान?"

"दुकान तुझं आहे. खुर्ची एक, न्हावी एक. दुसरा कशाला अडगळीला?"

"पहारेकऱ्याचं काम काय असतं?"

"काही नाही. खिशात हात घालून फाटकाशी उभं राहायचं."

"तेवढ्यासाठी मला सोडून जायचं?"

सासूबाई म्हणाल्या, "चूल भडकली आहे, बघ." चूल मुळीच भडकलेली नव्हती.

आता मला सगळं उमगलं आहे. नर्सबाई वगैरे असो नसो, खरी गोष्ट ही की मी यांची खुर्ची घेतली. ज्या माणसाला सगळा गाव उस्ताद म्हणायचा, तो आपल्याच दुकानात बाकावर बसतो आणि बायको वस्तरा चालवते. पुरुषाचं मन आहे, दुखणारच. दाढी करून घेत नाहीत ते याचसाठी. स्वतःचा वस्तरा मागायला मानी माणसाला जड जातं. तो मीच यांच्या हातात द्यायला हवा, आणि असा द्यायला हवा की नाही म्हणता येऊ नये.

शुक्रवार, २२ मार्च

बेत ठरला. उद्या शनिवार, दुकानात पाय ठेवायला जागा नसते. नेमकं उद्या माझं मनगट मुरगळणार आहे.

खोटं बोलणं पाप आहे. पण आमच्या मदर स्वतः सांगत, की बिशप आले तेव्हा त्यांनी करपलेला केक "खास पद्धतीचा" म्हणून वाढला होता. तेवढी मुभा संसारी बाईलाही असावी.

शनिवार, २३ मार्च

हात थरथरतो आहे, माझा. तरी लिहिते.

सकाळी मनगटाला पट्टी बांधून दुकान उघडलं. बाक भरला, भिंतीलाही लोक टेकले. पोस्टमास्तर खुर्चीत बसले. मी म्हटलं, "आज मला जमणार नाही. पण घाबरू नका, उस्ताद आहेत." आणि यांच्या खांद्यावर टॉवेल टाकला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खाटीकभाऊ ओरडले, "आली रे आली, जुनी धार आली!" यांचा चेहरा मला दिसला नाही, दाढीच एवढी. हे उठले, हळूच म्हणाले, "मनगट फार दुखतंय का?" मी म्हटलं, "असह्य." यांनी ब्रश उचलला.

आणि फेस करायला लागले.

असा फेस मी जन्मात बघितला नाही. ब्रश वाटीत भिंगरीसारखा फिरत होता. दुधावर साय यावी तसा जाड, पांढराशुभ्र फेस. पोस्टमास्तरांचे गाल भरले, हनुवटी गेली, मान गेली. मी म्हटलं आता वस्तरा घेतील. हे आणखी फेस करत राहिले. मिशा गेल्या. कान गेले. मधे एकदा नाक वर दिसलं, तेही गेलं.

दुकानात सगळे चिडीचूप. खाटीकभाऊंनी विचारलं, "उस्ताद, पोस्टमास्तर आत आहेत ना अजून?"

फेसातून आवाज आला, "आहे."

मग लावायला चेहराच उरला नाही. यांनी ब्रश ठेवला. वस्तरा उघडला.

खिडकीतून ऊन येत होतं. पात्यावरून त्याचा एक कवडसा समोरच्या भिंतीवर पडला आणि तो कवडसा नाचायला लागला. वर, खाली, आरशावर, छतावर, पिंजऱ्यात पाखरू फडफडावं तसा. बाकावरची सगळी डोकी त्याच्याबरोबर वर झाली, खाली झाली. मी भिंतीकडे बघितलं, पात्याकडे बघितलं, आणि मग यांच्या हाताकडे.

देवा, मी किती मूर्ख आहे. अर्धा कप. टेबलावर पसरलेलं वर्तमानपत्र. बटणं. बाग.

मी पट्टी फाडून फेकली, पुढे झाले आणि म्हटलं, "द्या इकडे. फेस तुम्ही करायचा आणि वस्तरा मी, असं ठरलं होतं ना आपलं? विसरलात?"

हे माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हो. विसरलोच."

"वहिनी, तुमचं मनगट?" खाटीकभाऊंनी विचारलं.

"बरं झालं."

"आमेन," खाटीकभाऊ म्हणाले.

मी पोस्टमास्तरांना शोधून काढलं आणि त्यांची दाढी केली. उठताना ते यांच्यासमोर उभे राहिले, गळा साफ केला आणि म्हणाले, "उस्ताद, आज पहिल्यांदाच—" आणि माझ्याकडे बघून थांबले. "आज फेस फार उत्तम होता," म्हणाले. आज त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. बिचारे, प्रसंगच असा होता, प्रार्थनेत लक्ष लागलं नसेल.

रविवार, २४ मार्च

सासूबाईंना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी. थोबाडीत दिली आणि हात धरले, तेव्हाच कळलं. चिमणी धरल्यासारखे होते."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"त्याने शपथ घातली. आणि मला वाटलं, एवढी मठात शिकलेली सून, हिला काय सांगायचं? हिला दिसेल." सासूबाई सूप ढवळत राहिल्या. "तुला नर्स दिसली."

दुपारी यांनी आपणहून सांगितलं. छावणीत एका पोराची दाढी करत होते. गळ्यावर वस्तरा होता आणि शेजारी गोळा पडला. तंबू उडाला, आरसा उडाला. "पोराला ओरखडासुद्धा नाही," हे म्हणाले. "वस्तरा मी वेळेत उचलला. त्याच्यानंतर मात्र हात माझं ऐकेनासा झाला." पुन्हा म्हणाले, "पण ओरखडासुद्धा नाही हं." उस्तादच ते.

मी नर्सबाईंचं विचारलं. हे इतके हसले की डोळे पुसावे लागले. "अगं, साठीच्या होत्या त्या. आणि मिशा होत्या त्यांना. माझा हात चालत असता तर कातरून दिल्या असत्या."

मग मी म्हटलं, "दाढी करू?" यांनी मान डोलावली. खिडकीपाशी खुर्ची ओढली. मी अगदी हलक्या हाताने केली, सगळी. आतून एक म्हातारा निघाला, माझ्या ओळखीचा. यांनी दोन-तीनदा डोळे घट्ट मिटले आणि दात आवळले. मलाही भरून आलं होतं.

पण वखारीत जाणं काही टळलेलं नाही. म्हणाले, "काल तू लाज राखलीस, विसरणार नाही. पण रोज कोण राखणार? फेस तर पोरगंही करतं. तुझ्या हातावर जगायचं आणि वर बसून फेस फिरवायचा, हे काम नव्हे, दया आहे."

मी खूप बोलले. यांनी सगळं सभ्यपणे ऐकून घेतलं.

बुधवार, २७ मार्च

तीन दिवस हे फेस करून देताहेत, जायचंय तोपर्यंत. लोक यांच्या फेसासाठी रांग लावतात. दातांचे डॉक्टर दोनदा आले. हे मला कोपऱ्यात म्हणाले, "बघितलंस? सगळे दयाळू आहेत." मी म्हटलं, "अहो, खरंच आवडतो त्यांना." म्हणाले, "आभारी आहे."

मला या आभारांचा इतका राग येतो, की त्यापेक्षा वाटी फेकून मारली असती तर बरं वाटलं असतं.

सासूबाईंनी यांची पिशवी भरायला घेतली आहे. एक शर्ट घालतात, दोन काढतात.

सोमवार, १ एप्रिल

गाडी दुपारची. सकाळ संपता संपता हे पिशवी घेऊन खाली आले, दाराशी ठेवली आणि म्हणाले, "वेळ आहे अजून. पोस्टमास्तरांचा फेस करून जातो."

केला. लक्ष गाडीकडे होतं, म्हणून फेस मुरू न देताच मी वस्तरा घेतला, धार लावायच्या चामड्याच्या पट्ट्यावर फटाफट फिरवला, प्रार्थना सुरू केली, आणि पोस्टमास्तरांच्या गालावरून पहिला हात ओढला. पोस्टमास्तरांनी खुर्ची घट्ट धरली. त्यांच्या डोळ्यांतून नेहमीसारखं पाणी आलं.

"अगं ए!"

मी दचकले. सगळं दुकान दचकलं. हे ओरडले होते.

"आल्यापासून बघतोय! गप्प बसलो, बसलो, आता जाता जाता तरी बोलू दे! ही काय धार आहे? वस्तरा आहे की खुरपं? त्या माणसाचे केस तू कापत नाहीस, उपटतेस!"

मी वस्तरा खाली घेतला. म्हटलं, "अहो, ते प्रार्थनेमुळे—"

"कसली प्रार्थना! दुखतंय त्यांना!"

मी पोस्टमास्तरांकडे बघितलं. त्यांनी छताकडे बघितलं. मी बाकाकडे बघितलं. दातांचे डॉक्टर बुटाची नाडी बांधायला वाकले.

"खाटीकभाऊ, तुम्ही सांगा," मी म्हटलं.

खाटीकभाऊंनी टोपी काढली. "वहिनी, तुमचा हात देवाचा आहे, पहिल्या दिवसानंतर कापलं नाहीत कुणाला. पण धार... मी बकऱ्यालासुद्धा असं करत नाही."

"इतकी वर्षं! आणि कुणी एका शब्दाने बोललं नाही?"

"उस्ताद लढाईवर, तुम्ही एकट्या. कोण बोलणार? आम्ही म्हटलं, आपणही देशासाठी काहीतरी सोसावं."

मला रडू यायच्या ऐवजी राग आला. वस्तरा यांच्यापुढे आपटला. "मग तेव्हाच नाही का सांगायचं? आल्या दिवशी? छान सांभाळलंस म्हणे! आभारी आहे म्हणे! पाहुणे म्हणून आलात का माझ्याकडे?"

"तुझं मन दुखेल म्हणून नाही बोललो!"

"आणि वखारीत जाऊन ते सुखावणार होतं?"

"पट्ट्यावर कुणी असा मारतं का वस्तरा? चटणी वाटतेस की काय!"

"मग दाखवा ना! तोंडाने काय सांगता?"

मी वस्तरा पुन्हा उचलला. हे त्या पट्ट्याकडे बघत राहिले. मग माझ्या मागे येऊन उभे राहिले, दोन्ही बाजूंनी हात पुढे आणले आणि माझे हात धरले. वस्तऱ्यासकट. यांचे हात थरथरत होते, खरंच चिमणीसारखे. मी माझे घट्ट ठेवले. हळूहळू चारही हातांचं एकच काहीतरी झालं.

"पालथा धर. दाबू नकोस. पाठीकडून ओढ. आता वळव... पात्यावर नको, अगं, पाठीवर! हं. पुन्हा. ऐक, आवाज बदलला बघ."

आवाज बदलला होता. आधी फटफट येत होता, आता रेशीम फाडल्यासारखा यायला लागला. आम्ही पुन्हा पुन्हा ओढला, गरजेपेक्षा बराच जास्त वेळ. माझ्या मानेला यांचा श्वास लागत होता. कुणी घाई केली नाही. पोस्टमास्तर अर्ध्या दाढीने बसून होते आणि फेस सुकत चालला होता.

मग मी त्यांचा दुसरा गाल केला. त्यांनी डोळे उघडले. गालाला हात लावला. आरशात बघितलं. "झालं?" म्हणाले. "सुरू कधी केलंत?"

बाकावर एकदम गलका झाला. तीन माणसं एकाच वेळी उठली, "आता माझा नंबर" म्हणून. खाटीकभाऊंनी डॉक्टरांना कोपराने मागे सारलं. तेवढ्यात स्टेशनावरून दुपारच्या गाडीची शिट्टी ऐकू आली. हे दाराकडे बघतील असं मला वाटलं. हे वस्तऱ्याचं पातं उजेडात धरून बघत होते. म्हणजे, मी धरलं होतं, हे बघत होते.

"सगळे वस्तरे खराब केले आहेस," म्हणाले. "महिनाभर तरी दगडावर घासावे लागतील. एकेक. आणि तू एकटीने करायचे नाहीत."

सासूबाई जिन्यावर उभ्या होत्या. त्यांनी काही न बोलता पिशवी उचलली आणि वर नेली.

आता दुपार आहे. सुट्टीची वेळ केव्हाच संपली. खालून हे ओरडताहेत, की गिऱ्हाईक तिष्ठत बसलं आहे आणि मी वर काय कादंबरी लिहिते आहे का. आवाज चांगला खणखणीत आहे, रस्त्यापलीकडे जात असेल. शेजारीपाजारी ऐकत असतील.

ऐकू देत. आणखी एकदा ओरडले, की जाईन.